जुनी गाडी घरी सांभाळायची तर हत्यारं कोणती घ्यायची आणि कुठल्या क्रमाने

जुनी गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात हात शिवशिवतात आणि माणूस तो मोठ्ठा बॉक्स मागवतो, दोनशे-अडीचशे तुकड्यांचा, झाकण उघडलं की सगळं लखलखतंय. मग गाडीखाली शिरल्यावर कळतं की त्यातले अर्धे तुकडे म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची इवलीशी बिट्स आहेत आणि जो पाना पाहिजे तो नेमका त्यात नाही, किंवा आहे पण नीट बसत नाही. माझं मत सरळ आहे, हत्यारांची यादी गाडी ठरवते, आपण नाही. कुठल्या देशात बनली, कुठल्या साली बनली आणि तुम्ही घरी नक्की कुठली कामं करणार, एवढं ठरलं की यादी बरीच आखूड होते आणि वाचलेले पैसे जिथे खरंच लागतात तिथे घालता येतात.

मी इथे कामाच्या क्रमानेच सांगतो. आधी काय, मग काय, आणि काय इतक्यात नकोच.

पायरी १: गाडीचे नट-बोल्ट कुठल्या मापाचे ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच बहुतेक जण सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मन, इटालियन, फ्रेंच, जपानी गाडी असेल तर तुमचं काम सोपं, सगळं मिलिमीटरमध्ये. बीटल असो की जुनी फियाट, १०, १३, १७ आणि १९ एवढे चार आकडे पाठ करा, त्यावर गाडीचा मोठा भाग उघडतो. जपानी गाड्यांमध्ये बऱ्याचदा १३ च्या जागी १२ आणि १७ च्या जागी १४ येतात, एवढा फरक.

ब्रिटिश गाडी असेल तर मात्र साल बघावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एकच आटे ठरवले, त्याला युनिफाइड म्हणतात, बारीक आटे म्हणजे यूएनएफ आणि जाड आटे म्हणजे यूएनसी. ब्रिटिश कंपन्या पन्नासच्या दशकात हळूहळू त्यावर आल्या. म्हणजे मिनी किंवा एमजीबी असेल तर इंचातले एएफ पाने लागतील, त्यातही ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन सतत हातात राहणार. एएफ म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, पान्यावर लिहिलेला आकडा तोच असतो, त्यामुळे गोंधळ नाही.

त्याच्या आधीची ब्रिटिश गाडी असेल तर जुने ब्रिटिश आटे, व्हिटवर्थ (जाड) आणि बीएसएफ (बारीक). इथे भलेभले अडकतात कारण व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतोच, तो बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ व्हिटवर्थ लिहिलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमीच्या आसपास. त्याला १३ चा पाना चढत नाही, १४ चा चढतो पण खुळखुळतो, आणि खुळखुळणाऱ्या पान्याने जोर लावला की नटाचे कोपरे गेलेच समजा. वर आणखी एक गंमत, तोच पाना ५/१६ बीएसएफ नटालाही बसतो, म्हणून त्या पान्यांवर दोन-दोन आकडे कोरलेले असतात. डिस्ट्रिब्युटर, फ्यूज बॉक्स असल्या इलेक्ट्रिकच्या बारीक सामानावर याशिवाय बीए नावाचे छोटे स्क्रू असतात, त्याचा लहानसा सेट वेगळा मिळतो, पण तो गरज पडली की घ्या.

काही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की मोह होतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, इथे १९ चा पाना बिनधास्त चालतो. ५/१६ ला ८ चालतो, ५/८ ला १६ चालतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ चा लावला तर हलक्या नटाला निघून जाईल आणि गंजलेल्या नटाला मात्र गोल करून ठेवेल. ७/१६ म्हणजे ११.११, त्यावर ११ चा चढेलच याची खात्री नाही आणि १२ चा फिरत बसेल. म्हणून इंचाच्या गाडीला इंचाचेच पाने, इथे काटकसर नको.

आणि जुनी गाडी म्हणजे पन्नास-साठ वर्षांत डझनभर हातांखालून गेलेली, कुणीतरी कुठेतरी मिमीचा बोल्ट ठोकून बसवलेला असणारच. म्हणून पाने घेण्याआधी एक संध्याकाळ काढा, साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या, प्लास्टिकचा असला तरी चालेल, आणि बोनेट उघडून, चाकांपाशी, सम्पच्या (इंजिनच्या तळाच्या ऑईल टाकीच्या) नटापाशी मापं घेऊन कागदावर लिहा. ही यादी म्हणजेच तुमची खरेदीची यादी.

पायरी २: मॅन्युअल

पुस्तक हेसुद्धा हत्यारच आहे आणि ते पान्यांच्या आधी घ्यायचं. कंपनीचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर उत्तम, त्यात गॅप, टॉर्क (नट किती जोराने आवळायचा), ऑईलचं प्रमाण, ग्रीसच्या जागा सगळं असतं. फक्त आपल्या मॉडेलच्या आणि सालाच्या जवळचं घ्या कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या मधे डायनामो जाऊन अल्टरनेटर आलेला असतो, ६ व्होल्टचं १२ व्होल्ट झालेलं असतं. प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, काळ्या हातांनी फोन चाळायचा वैताग वाचतो.

पायरी ३: पाने आणि गोट्या (सॉकेट)

आता खरेदी. पहिला सेट कॉम्बिनेशन पान्यांचा, म्हणजे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड. मिमीत ८ ते १९ आणि इंचात ५/१६ ते ३/४ एवढ्यात घरची नव्वद टक्के कामं होतात. नियम एकच, नट सोडवताना आणि शेवटी आवळताना रिंग, मधे भराभर फिरवायला उघडं तोंड. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि जास्त जोर आला की त्याचं तोंड फाकतं.

ज्या मापाची नट-बोल्टची जोडी सगळीकडे आहे, म्हणजे समजा १३ किंवा १/२, त्याचे दोन पाने लागतात कारण एकाने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. सेटमध्ये एकच येतो. हे लोकांना पहिल्या सायलेन्सरच्या क्लॅम्पपाशी कळतं.

मग गोटी सेट. ड्राइव्ह, म्हणजे गोटी ज्या चौकोनी टोकावर बसते त्याचं माप, तीन मिळतात, १/४, ३/८ आणि १/२ इंच. एकच घ्यायचा असेल तर काही लोक १/२ घ्या म्हणतात कारण दणकट, पण जुन्या लहान गाडीच्या बोनेटखाली १/२ चा रॅचेट शिरतच नाही धड, मला ३/८ जास्त उपयोगी वाटतो. चाकं, सस्पेन्शन, हब असल्या जड कामासाठी १/२ च्या मोजक्या गोट्या सुट्या घ्या आणि त्याबरोबर ६०० मिमीच्या आसपास लांबीचा ब्रेकर बार. अडकलेला नट रॅचेटने सोडवायचा नाही, आतले दाते जातात, ते काम बारचं.

गोट्या सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी गोटी पटकन बसते हे खरं पण ती नटाच्या कोपऱ्याजवळ जोर देते, सहा कोनी सपाट बाजूंवर देते आणि आपल्या गाडीचे नट आधीच अर्धे झिजलेले आहेत. सोबत एक लहान आणि एक लांब एक्स्टेन्शन आणि एक युनिव्हर्सल जॉइंट.

चांगला पाना ओळखायचा कसा? क्रोम व्हॅनेडियम तर आता सगळ्यांवरच लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. नव्या, स्वच्छ बोल्टवर पाना बसवून बघा, डावी-उजवीकडे किती हलतो ते बोटाला कळतं. बोल्टवर बसवलेला पाना जवळपास न डुलता थांबला तर तो चांगला. रिंगच्या भिंती पातळ असतील तर अडचणीच्या जागी जातात, स्वस्त पान्यांच्या भिंती जाड असतात आणि नेमक्या कार्बोरेटरच्या मागच्या नटाला त्या शिरत नाहीत. जुन्या बाजारात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे व्हिटवर्थ पाने मिळाले तर डोळे झाकून घ्या, फक्त तोंड फाकलेलं नाही ना आणि हातोडीचे घाव नाहीत ना एवढं बघा. वरवरच्या गंजाने काही होत नाही.

स्पार्क प्लगचा पाना वेगळा. जुन्या गाड्यांना बहुतेक १४ मिमी आट्यांचे प्लग असतात आणि त्यांची गोटी १३/१६ इंच, म्हणजे साधारण २१ मिमी. आत रबर असलेली घ्या म्हणजे प्लग वर येताना सुटून पडत नाही. प्लग लावताना आधी हाताने फिरवायचा, तो सहज चार-पाच आटे गेला की मगच पाना, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर इंजिन थंड असतानाच हात लावायचा.

पेचकस, पक्कड, हातोडी

हे पटकन उरकतो. सपाट पेचकस तीन मापांचे, त्यातला एक आखूड, कार्बोरेटरसाठी. चार खाचांचे मात्र नीट बघून घ्या, दोन वेगळे प्रकार आहेत, फिलिप्स आणि पोझीड्राइव्ह. पोझीच्या स्क्रूच्या डोक्यावर मुख्य खाचांच्या मधे आणखी चार बारीक रेघा असतात. साठच्या दशकानंतरच्या ब्रिटिश गाड्यांवर पोझी भरपूर आहेत आणि त्यात फिलिप्स घातला की तो वर चढून बाहेर येतो आणि येताना खाच खाऊन येतो. जुन्या जपानी गाड्यांचे चार खाचांचे स्क्रू आणखी वेगळे, त्याला जेआयएस (जपानी मानक) टोकाचा पेचकस मिळतो.

दाराच्या बिजागरीचे, ब्रेक ड्रमचे स्क्रू हाताने सुटत नाहीत. त्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो हातोडीने ठोकायचा साधा, बॅटरीचा नव्हे. ठोका बसला की तो स्क्रूला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो, त्यामुळे खाच वाचते. लहान हत्यार आहे पण जुन्या गाडीवाल्याकडे हवंच.

साधी पक्कड, नोज प्लायर, एक कटर, एक व्हाइस ग्रिप. सर्क्लिप प्लायर नंतर. हातोडी एक बॉल पेन आणि एक रबरी किंवा नायलॉनची. बस.

पायरी ४: गाडी उचलणं

इथे स्वस्त शोधू नका. पाना तुटला तर बोटं सोलवटतील, स्टँड गेला तर माणूस जातो.

२ टनाचा ट्रॉली जॅक बहुतेक जुन्या लहान गाड्यांना पुरेसा आहे, बीटल आठशे किलोच्या आसपास, मिनी त्याहून हलकी. मोठी सेडान असेल तर ३ टन. जॅक घेताना दोन मापं बघा, पूर्ण खाली असताना तो गाडीखाली शिरतो का आणि पूर्ण वर गेल्यावर स्टँड लावण्याएवढी उंची मिळते का. गाडीच्या डिकीत आलेला मूळ जॅक रस्त्यावर चाक बदलायचा, त्यावर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही.

अ‍ॅक्सल स्टँड कमीत कमी एक जोडी, पुढे दोन जोड्या. त्यावर लिहिलेलं वजन एका स्टँडचं आहे की जोडीचं ते वाचा, दोन्ही पद्धती चालतात. विटा, सिमेंटचे ब्लॉक, रिमचा ढीग, हे काही म्हणजे काही चालणार नाही, सिमेंटचा ब्लॉक काही इशारा न देता एकदम फुटतो.

जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते, गंज. पुस्तकात जॅकिंग पॉइंट सिलपाशी (दाराखालच्या पट्टीपाशी) दाखवलेला असतो आणि प्रत्यक्षात तिथे रंग आणि पुट्टीच तेवढी शिल्लक असते. म्हणून आधी पेचकसच्या मुठीने ठोकून बघा, टणक आवाज आला तर लोखंड आहे, भद्द आवाज आला तर तिथे भार देऊ नका. चॅसिसचा रूळ, मागच्या अ‍ॅक्सलची नळी, सस्पेन्शनचा क्रॉस मेंबर अशा जागा शोधा. सम्प किंवा गिअरबॉक्सच्या खाली जॅक कधीच नको.

क्रम असा. सपाट पक्की जमीन, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या दोन्ही बाजूंना उट्या, चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून घ्यायचे, मग जॅक, मग स्टँड, मग जॅक हळूहळू सोडून भार स्टँडवर, आणि मग गाडीला कमरेने चांगला हिसका द्यायचा. पडायची असेल तर तुम्ही खाली नसताना पडू दे. जॅक काढून न टाकता हलकेच टेकवून ठेवा. हँडब्रेकवर फार विसंबू नका, तो बहुतेक वेळा मागच्या चाकांवरच असतो आणि तुम्ही नेमकी तीच उचललेली असता.

पायरी ५: टॉर्क रेंच

लोक म्हणतात जुन्या गाड्यांना कशाला टॉर्क रेंच, हाताला अंदाज असतो. अंदाज ज्याला असतो त्याने हजार नट आवळलेले असतात. बीटलच्या तळाशी ऑईलची जाळी धरणाऱ्या झाकणाचे सहा छोटे नट फक्त ७ न्यूटन मीटरला आवळायचे असतात, आणि त्याच गाडीच्या मागच्या चाकाचा ३६ मिमीचा मोठा नट जवळपास ३०० ला. पहिल्यात अंदाज चुकला तर स्टड इंजिनच्या मऊ मिश्रधातूमधून उपटून येतो, दुसऱ्यात चुकला तर हबचे दाते झिजून जातात.

एकच घ्यायचा तर साधारण २० ते ११० न्यूटन मीटरचा, त्यात प्लग, बऱ्याच गाड्यांची चाकं, बरीचशी इंजिनची कामं बसतात. छोट्यांसाठी ५ ते २५ वाला नंतर. ३०० चा घरी कुणी घेत नाही, मागून आणावा. जुन्या पुस्तकात आकडे पाउंड-फूट किंवा किलो-मीटरमध्ये असतात, १ पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर आणि १ किलो-मीटर म्हणजे ९.८१. हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. क्लिकवाल्या रेंचने नट सोडवायचा नाही, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग ढिली पडते.

पायरी ६: ट्यूनिंगची हत्यारं

जुन्या गाडीची खरी मजा इथे आहे आणि सामान अगदी थोडं लागतं. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा), टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा), प्लगचा गॅप बघायला त्याच फिलर गेजची पाती, झालं.

सीबी पॉइंटचंच घ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी करंट तोडणारे कॉन्टॅक्ट. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, रोटर काढा, इंजिन हाताने फिरवत जा आणि आतल्या कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेला पूर्ण वर उचलतं तिथे थांबा. मिनी-एमजीबीमधल्या ल्यूकस डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, बीटलला ०.४ मिमी, म्हणजे आकडा जवळपास तोच. फिलरचं पातं आधी पुसून घ्यायचं, तेल असेल तर ते पॉइंटला लागतं आणि पॉइंट जळतात. स्क्रू जरासा सैल, पूर्ण नाही, पातं मधे सरकवा, पातं सरकताना हलकी ओढ जाणवली पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखं गुळगुळीत आणि तरी धरून ठेवल्यासारखं. मग स्क्रू आवळा आणि परत तपासा कारण आवळताना गॅप हमखास थोडा हलतो. जुन्या पॉइंटवर एका बाजूला फोड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला असेल तर पातं फोडीवर टेकतं आणि माप खोटं येतं, अशा वेळी नवे टाका. आणि पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून पॉइंट आधी, टायमिंग लाइट नंतर, उलट केलं तर दोनदा करावं लागेल.

टायमिंग लाइटचे बॅटरीचे चिमटे लावताना जुन्या ब्रिटिश गाडीत थांबून बघा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. लाल चिमटा तरीही बॅटरीच्या प्लसलाच लावायचा, बॉडी कुठल्याही टोकाला असो. ६ व्होल्टची गाडी असेल तर १२ व्होल्टचा लाइट दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालवून फक्त सेन्सरचा क्लॅम्प आपल्या प्लगच्या वायरीवर लावता येतो.

टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरचा गॅप सेट करायला, फिलर गेज तेच, सोबत रिंग पाना आणि पेचकस. मिनीच्या इंजिनला थंड असताना ०.०१२ इंच, बीटलला थंड असताना ०.१५ मिमी. मिनी, एमजीबी, मॉरिस मायनर असल्या एका ओळीत आठ व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांना एक सोपी युक्ती आहे, जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर ९ मधून वजा करायचा, जो येईल तो व्हॉल्व्ह सेट करायचा. १ दाबलेला असेल तर ८, ३ असेल तर ६. इंजिन फिरवताना प्लग काढून ठेवा, हाताला हलकं जातं.

पायरी ७: वायरिंग

जुन्या गाडीचे बरेचसे इलेक्ट्रिकचे रोग अर्थिंगचे असतात. साधा टेस्ट लॅम्प आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर ते सापडतात. टेस्ट लॅम्प घेताना एलईडीचा नको, बल्बचा घ्या, तो थोडा करंट खातो त्यामुळे अर्धवट तुटलेली वायर लगेच उघडी पडते.

मीटरने काय बघायचं? चांगली चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी गेली. अल्टरनेटरवाली गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ च्या घरात पाहिजे. डायनामोवाल्या गाडीत आयडलला चार्जिंग नसल्यातच जमा, लाल दिवा मिणमिणतो, त्यात बिघाड काही नाही, रेस वाढवून मग मोजा. आणि अर्थिंग तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थवाल्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, मग कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा, ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थ पट्टी काढून घासा. यात पन्नास टक्के "स्टार्टर गेला" वाले दुरुस्त होतात असं माझं निरीक्षण आहे.

क्रिम्पिंगचा प्लायर चांगला घ्या. ब्रिटिश गाड्यांत बुलेट कनेक्टर असतात, त्याचा प्लायर वेगळा येतो, सपाट लगच्या (टर्मिनलच्या) प्लायरने ते नुसते चेपतात आणि सहा महिन्यांनी सुटतात.

पायरी ८: ब्रेक, ग्रीस, ऑईल

ब्रेकच्या पाइपचे नट मऊ असतात आणि पाइपमुळे त्यावर पूर्ण रिंग चढत नाही. त्यासाठी फ्लेअर नट पाना, दिसायला रिंगसारखाच पण एका बाजूला खाच कापलेली. सगळा सेट नको, आपल्या गाडीला लागणारी एक-दोन मापं, इंचाच्या गाडीला बहुधा ७/१६, मिमीला १० किंवा ११. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचे मागचे ड्रम चौकोनी डोक्याच्या अ‍ॅडजस्टरने सेट होतात, त्याचा छोटासा चौकोनी पाना मिळतो, तोच वापरा, पकडीने धरून त्या चौकोनाचं वाटोळं करू नका. ब्रेक ब्लीड करायला पारदर्शक नळी आणि एक बाटली पुरते. डॉट ३ आणि ४ चं ऑईल रंगावर सांडलं तर रंग फुगतो, पाण्याची बादली शेजारी ठेवा.

जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, आणि चांगला मास्क लावायचा.

ग्रीस गन मात्र जुन्या गाडीचं खास हत्यार, नव्या गाडीवाल्यांना ती माहीतही नसते. मिनीच्या पुढच्या स्विव्हल हबला (चाक वळतं त्या सांध्याला) दर ३,००० मैलांना, म्हणजे ५,००० किलोमीटरच्या आतच, ग्रीस मारायचं असतं. लवचिक नळीची गन घ्या, लोखंडी नळी कोपऱ्यात पोचत नाही. निपल आधी पुसायचं, नाहीतर बाहेरची माती आपणच आत ढकलतो, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. ट्रायम्फ हेराल्ड किंवा स्पिटफायर असेल तर पुढच्या ट्रनियनला (तसल्याच चाक वळायच्या सांध्याला) ग्रीस नाही, गिअर ऑईल, ९० नंबरचं, तेव्हा त्याची गन वेगळी ठेवा.

ऑईल बदलायला रुंद ट्रे, तुमच्या सम्पच्या दीडपट मावेल असा, फनेल, आणि सम्पच्या नटाची नीट बसणारी गोटी. तांब्याचा वायसर दरवेळी नवा.

अडकलेले नट

गंजलेला नट दिसला की लगेच बारवर लटकू नका. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, चांगलं पेनिट्रेटिंग ऑईल मारा, रात्रभर सोडा, सकाळी परत मारा. डब्ल्यूडी-४० या कामाला बरं आहे पण खास पेनिट्रेटिंग ऑईल जास्त चांगलं. आधी नट जरा आवळायचा प्रयत्न करा, कुरकुरला की समजा गंज तुटला, मग पुढे-मागे करत सोडवा. तरी नाही तर नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके, तरी नाही तर हीट, पण पेट्रोलची टाकी, पाइप, रबर जवळ असेल तर हीटचा विचारही नको. शेजारी आग विझवायचा सिलेंडर असल्याशिवाय हे कामच सुरू करू नका.

काय इतक्यात घेऊ नये तेही सांगतो. कॉम्प्रेसर, बॅटरीवाला इम्पॅक्ट रेंच, स्प्रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह काढायचं हत्यार, पुलरचे मोठे सेट. ही वर्षातून एकदा लागतात, तीही लागली तर, कुणाकडून तरी मागून आणता येतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर तर स्वस्तातला घ्यायचाच नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात शाबूत राहत नाही. अ‍ॅडजस्टेबल पाना ठेवायला हरकत नाही पण त्याने गाडीच्या नटाला हात लावायचा मोह टाळा.

डिकीत काय ठेवायचं

घरचा सेट घरी, गाडीतला वेगळा. डिकीत कापडी गुंडाळीत तुमच्या यादीतली चार-पाच मापं, प्लगचा पाना, एक पेचकस ज्याची दोन टोकं उलटसुलट होतात, पक्कड, फिलरची एक-दोन पाती, टेस्ट लॅम्प, थोडी वायर आणि टेप, एक पॉइंटचा सेट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, रोटर, फ्यूज. बेल्ट नवा घेतला की एकदा घरी बसवून बघा, माप बरोबर आहे का ते रस्त्यावर कळून उपयोग नाही. हातमोजे आणि डोक्याला लावायचा टॉर्च. चाकाचे नट सोडवायला मूळ लहान पान्याऐवजी दुमडता येणारा लांब दांड्याचा पाना ठेवा, आणि चाक काढून बसवलं असेल तर ५०-६० किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे नट पुन्हा एकदा टॉर्कला लावून बघा, त्यातले एक-दोन थोडे तरी फिरतात.